सेंट अँड्र्यूजचा हिमालय



गेल्या जूनमध्ये मी लेकीकडे डंडीला, स्कॉटलंडमध्ये, महिनाभर होते. तिथून बसने पाऊण तासाच्या आत सेंट अँड्र्यूज हे समुद्रकाठचं गाव येतं. जावईबापू म्हणाले, "आई, गोल्फवाल्यांचं सम्मेदशिखरच समजा ते." मला गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना दिसणारी हिरवळ, एवढंच ठाऊक.

दोनदा गेलो. पहिल्यांदा रविवारी, नुसतं बघायला. तिथलं जुनं मैदान, ओल्ड कोर्स, रविवारी खेळासाठी बंद असतं आणि गावातली माणसं कुत्री, लेकरं घेऊन त्यावर फिरतात. जिथे एक डाव मिळावा म्हणून जगभरातले लोक सोडतीत नाव घालतात, ते मैदान आठवड्यातून एक दिवस गावाचं! मला हे फार आवडलं.

हे मैदान आधी कागदावर आखून केलेलं नाही. वाळूचे उंचवटे वाऱ्याने केले, त्यावर गवत आलं. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे दबून बसायच्या, तिथे वाळूचे खड्डे पडले असं सांगतात. तेच हे बंकर. आज शंभरावर आहेत. खाली वाळू, म्हणून पाऊस थांबला की पाणी जिरून जातं. आपल्या नेरच्या काळ्या रानात पावसानंतर दहा पावलं टाकली तर चपलेला शेरभर माती लागते!

जागा चिंचोळी. त्यामुळे जाणारे आणि परतणारे बऱ्याच ठिकाणी एकाच मोठ्या हिरवळीवर येतात. तिच्यावर होल दोन, झेंडे दोन. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, अशा जोड्या. बोटांवर बेरीज केली, प्रत्येक जोडीची १८. पूर्वी इथे २२ होल होते, १७६४ मध्ये १८ केले आणि पुढे तोच आकडा जगाने उचलला. छोट्या घरात दोन जावांनी एकच ओटा वाटून घ्यावा, तशी ही सोय. भांडण होत नाही, कारण कोणी आधी थांबायचं ते ठरलेलं आहे.

पण माझं मन लागलं ते शेजारच्या छोट्या मैदानावर. त्याचं नाव 'हिमालय'. हात खांद्याच्या वर नेऊन फटका मारणं बाईला शोभत नाही, असा तो काळ. म्हणून १८६७ मध्ये तिथल्या बायकांनी आपला वेगळा क्लब काढला, चेंडू फक्त हलकेच ढकलायचा. मैदान सांभाळणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिस यांनी त्यांना ही जागा आखून दिली. शेजारी दगडी इमारतीत बसणाऱ्या पुरुषांच्या रॉयल अँड एन्शंट क्लबला बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवायला २०१४ उजाडलं. आणि बायकांचा हिमालय? तिथे आता आजोबा, नातवंडं, कोणीही पैसे भरून खेळतं.

पुढच्या शनिवारी आम्हीही गेलो. मी कडेला उभीच. चातुर्मास लागला नव्हता, तरी हिरवळीवर पाय ठेवायला जीव धजेना. लेकीने आग्रह केला नाही. तिने पटर माझ्या हातात दिला आणि आपण पुढे गेली. मी बघत राहिले. सगळी चेंडू सरळ भोकाकडे मारत होती आणि उतार तो ओढून नेत होता. मला माहेरची गल्ली आठवली. नालीकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत भावांसोबत कंचे खेळताना आम्ही खड्ड्याकडे कधी नेम धरलाच नाही, उताराच्या वरच्या अंगाला धरायचो. लग्न झालं आणि पस्तीस वर्षांत हातात खेळ म्हणून काही आलं नाही.

नवकार म्हटला, चपला काढल्या, खाली पाहत पाहत आत गेले. गवत इतकं आखूड की गादीच. पहिला चेंडू चढावर मुद्दाम डावीकडे मारला. तो वर गेला, जरा थांबला, वळला आणि उतरत भोकापाशी वीतभर अंतरावर येऊन टेकला. जावईबापू बघतच राहिले.

त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री दहाला मावळतो, त्यामुळे चौविहाराची घाई नव्हती. अठराही होल खेळले.

घरी येऊन सासूबाईंना फोन केला. गवताचं आधी सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांत. मग म्हणाल्या, "बरं, पडला किती वेळा?"


"चारदा, दोनच फटक्यांत."

"आणि जावयाचा?"

"दोनदा."

"हं," म्हणाल्या, आणि हसण्याचा आवाज आला.