दर चौथा स्वर

पेर नोर्गोर हा डॅनिश संगीतकार मे 2025 मध्ये, वयाच्या 92व्या वर्षी गेला. त्याच्याविषयी लिहिताना 1979 या सालावर रेघ मारून त्याच्या आयुष्याचे दोन भाग करण्याची पद्धत पडली आहे. रेघेच्या अलीकडे गणिताने रेखलेल्या, सुसंवादी संगीताचा नोर्गोर आणि पलीकडे वादळी, विस्कटलेला नोर्गोर. ही वाटणी सोयीची असली तरी मला पटत नाही. त्याच्या आयुष्यातून एक धागा सलग जातो, तो एका विशिष्ट प्रकारे ऐकण्याचा. समोर एक सूर वाजत असताना त्याच्याआड आणखी कोणते सूर चालू आहेत, याकडे त्याचे लक्ष जन्मभर लागलेले होते. 1954 साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी त्याने वृद्ध फिनिश संगीतकार सिबेलियसला पत्र लिहिले, तेही मला याच ओढीचे वाटते. सिबेलियसच्या सिंफनींमध्ये एकाच वेळी निरनिराळ्या गतींचे थर सरकत असतात. पॅरिसच्या नव्या मंडळींना जुनाट वाटणाऱ्या त्या संगीतात या तरुणाला भविष्य दिसत होते. एका बीजातून सगळी रचना रूपांतरित होत वाढते, हा त्याचा गुरू वॅग्न होल्मबो याचा विचारही त्याच दिशेचा.

1960च्या आसपास त्याला जी स्वरमाला सापडली, तिला ‘अनंत माला’ म्हणतात. ती थोडी उलगडून पाहण्याजोगी आहे. एक स्वर घ्या आणि दुसरा त्याच्याहून अर्ध्या स्वराने वर. या दोघांतले अंतर उलटे करून पहिल्या स्वराला लावले की तिसरा स्वर मिळतो आणि सुलटे दुसऱ्याला लावले की चौथा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वरांमधले अंतर घ्यायचे, ते उलटे करून तिसऱ्याला आणि सुलटे चौथ्याला लावायचे. असे करत गेले की माला कधी संपतच नाही. खरे नवल पुढे आहे. या मालेतले एकाआड एक स्वर वेचले तर तीच माला वरची खाली होऊन हाती येते, आणि पहिल्यापासून दर चौथा स्वर वेचला तर मूळ माला जशीच्या तशी. आपल्याकडे गायक बंदिश चौगुनीत घेतो तेव्हा लय तो बदलतो. इथे मात्र विलंबित आणि चौगुन एकाच ओळीत आधीपासूनच नांदत असतात. कोणता थर धरायचा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे कागदावरचे गणित आहे, कानाला ते कळत नाही. आक्षेप अगदीच खोटा नाही. सूत्र कानाला कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. कळतो तो परिणाम. ‘सोनेरी पडद्यात प्रवास’ या 1968च्या रचनेच्या दुसऱ्या भागात मालेचे पहिले 1024 स्वर एकामागून एक येतात आणि वेगवेगळी वाद्ये त्यांतून ठरावीक अंतरावरचे स्वर उचलतात. ऐकताना ती सरळ पुढे चाललेली धून वाटत नाही. लक्ष जरा हलले की संथ चाल पुढे येते, पुन्हा हलले की जलद. सूत्राच्या जोरावर स्वर जुळवणारे संगीतकार विसाव्या शतकात पुष्कळ झाले. मात्र सूत्रातून श्रोत्याला एवढी मोकळीक देणारे मला तरी फार थोडे दिसतात. 1972 ते 1975 या काळात लिहिलेल्या तिसऱ्या सिंफनीत त्याने हीच दृष्टी चाल, स्वरसंवाद आणि ताल या तिन्ही अंगांना लावली. ती सिंफनी म्हणजे त्याच्या सुसंवादाचे शिखर.

आणि मग 1979. कोपनहेगनच्या उत्तरेला समुद्राकाठी असलेल्या लुईझियाना संग्रहालयात त्याने आडोल्फ वोल्फ्लीची चित्रे पाहिली. वोल्फ्ली हा स्विस मनोरुग्ण. लहानपणी पोरका झालेला, शेतांवर राबलेला आणि गुन्ह्यांची शिक्षा भोगल्यानंतर 1895 पासून 1930 मध्ये मरेपर्यंत बर्नजवळच्या वाल्डाऊ मनोरुग्णालयात राहिलेला. तिथे त्याने हजारो पाने चित्रांनी, मजकुराने आणि स्वतःच्या स्वरलिपीने गच्च भरली. या धक्क्यानंतर नोर्गोरचे संगीत बदलले, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1981च्या चौथ्या सिंफनीचे नावच वोल्फ्लीकडून आलेले आहे, त्यात भारतीय गुलाबबाग आहे आणि चिनी चेटकिणीचे तळेही. मालेचा वावरही त्यानंतर ओसरला. मग धागा सलग कसा, असे कोणी विचारील.

माझे उत्तर ‘सिद्धार्थ’ या ऑपेरात आहे. ओले सार्विगच्या संहितेवरचे हे काम नोर्गोरने 1974 मध्ये हाती घेतले, म्हणजे वोल्फ्ली आयुष्यात येण्याच्या बरीच वर्षे आधी, तिसऱ्या सिंफनीच्या ऐन बहरात. विषय आपल्या परिचयाचा. मुलाला दुःख दिसू नये म्हणून राजा म्हातारे आणि आजारी यांना राजवाड्याबाहेर काढतो. सुसंवादाच्या शिखरावर उभा असलेला संगीतकार नेमकी हीच गोष्ट निवडतो, याला मी योगायोग मानत नाही. आपला सुंदर वाडा कोणाला बाहेर ठेवून उभा आहे, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हाच आला होता, असे मला वाटते. वोल्फ्लीने त्या बाहेरच्याला चेहरा दिला. ऐकणे तेच राहिले, फक्त ते आता भिंतीपलीकडे पोहोचले.

1980 मध्ये लिहिलेल्या ‘लहान मुलासारखे’ या समूहगानात हे स्पष्ट दिसते. त्याचे भाग तीन. मधल्या भागाला कवी रिल्केचे वसंतगीत आहे. आधीच्या अंगाईचे शब्द वोल्फ्लीचे, आणि शेवटी येणाऱ्या, वाटेत अपघात घडणाऱ्या शोकयात्रेचेही त्याचेच. सुसंवादाला हाकलून द्यायचे असते तर नोर्गोरने रिल्केला ठेवलाच नसता. त्याने ठेवला, आणि वोल्फ्लीला त्याच्या दोन्ही बाजूंना बसवले.