एक तीसांश सेकंद

आजी खिडकीशी बसून भाकऱ्या थापत होती आणि मी नवाकोरा कॅमेरा घेऊन तिच्या समोर. पहिल्या फोटोत आजीची नुसती काळी सावली. खिडकी तिच्या मागे होती. कॅमेऱ्याने तिथला लख्ख उजेड धरून हिशेब केला आणि चेहरा अंधारात गेला. मी उठून बाजूला बसलो. आता गालावर तिरपा उजेड आला, सुरकुत्या दिसायला लागल्या.

पण हात धूसर. शटर १/३० सेकंदावर होतं आणि तिचे हात त्याहून चपळ. ॲपर्चर १.८, आणखी उघडायला जागा नाही. मग शटर १/१२५ केलं. उजेड पावपट राहिला, म्हणून आयएसओ ४०० वरून १६०० वर नेला. फोटो थोडा रवाळ आला, पण बोटांवरचं पीठसुद्धा स्पष्ट.

“झालं का रे तुझं? तवा तापलाय,” आजी म्हणाली.

पुढच्या वर्षी ती गेली. भिंतीवर, हारामागे, तोच स्पष्ट फोटो आहे. धूसर फोटो मी डिलीट करणार होतो, राहून गेला. आता फोनच्या स्क्रीनवर तोच असतो. त्यात भाकरी अजून थापून व्हायची आहे.