अहिल्याबाईंच्या वाड्यात दोन रात्री

तीर्थक्षेत्रात राहणाऱ्या मनुष्यास पाहुण्यांचे नावीन्य नसते. आमच्या नाशकात बारा महिने यात्रेकरूंची ये-जा असते, आणि बारा वर्षांनी सिंहस्थ आला की गावकऱ्यांपेक्षा पाहुण्यांचीच संख्या अधिक भरते. पूर्वी या पाहुण्यांची सोय बहुधा दोन ठिकाणी होई. एक धर्मशाळेत व दुसरी क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यात. उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूच्या आजा-पणजांची नावे, गावे व येऊन गेल्याची साले नोंदलेली असत. त्यामुळे वऱ्हाडातून किंवा कोकणातून आलेला अनोळखी गृहस्थदेखील ओसरीवर टेकताच घरचा होऊन जाई. निघतेवेळी तो ऐपतीप्रमाणे दक्षिणा ठेवी. माणसांचा असा वावर असल्यामुळे वाडाही नांदता राही. रोजचे झाडणे-सारवणे होई, मृगापूर्वी शाकारणी होई, वाळवी लागलेला वासा वेळीच बदलला जाई.

आता ते दिवस गेले. वाड्यांचे वाटे झाले, वारस परगावी स्थायिक झाले, दारांस कुलपे लागली. आणि पावसाळ्यात जुन्या नाशकातला एखादा वाडा ढासळल्याची वार्ता ऐकण्याची कानांस सवय झाली. पेशवेकालीन सरकारवाडा सरकारच्या हाती असल्याने बचावला. परंतु प्रत्येक वाड्यास सरकारने कोठवर पुरे पडावे?

हा प्रश्न नाशिकचाच नव्हे. राजेरजवाड्यांसही तो पडला होता. जयपूरच्या महाराजांनी १९५७ साली रामबाग राजवाड्याचे हॉटेल केले. उदयपूरच्या महाराण्यांनी १९६३ साली पिछोला सरोवरातील आपल्या जलमहालाचे केले. पुढे १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा अनेकांस हाच मार्ग धरावा लागला. आपल्याकडे सासवडजवळ पिलाजीराव जाधवरावांनी १७१० साली बांधलेल्या गढीचेही हॉटेल झाले आहे. पूर्वजांची वास्तू रात्रीच्या भाड्याने द्यावी की न द्यावी, यावर आम्ही मित्रमंडळींत पुष्कळ वाद ऐकले होते. परंतु अशा वास्तूत स्वतः राहून पाहण्याचा योग आमच्या वाट्यास येईल असे वाटले नव्हते. तो चिरंजीवांनी आणला. गेल्या हिवाळ्यात त्यांनी आमची व आमच्या कुटुंबाची दोन रात्रींची सोय महेश्वरच्या ‘अहिल्या फोर्ट’ या हॉटेलात परस्पर करून टाकली.

नाशिकहून महेश्वरास जाण्यास मुंबई-आग्रा हाच जुना राजमार्ग आहे. सुमारे पासष्ट किलोमीटरवर चांदवड लागते. तेथील रंगमहाल होळकरांचा. अहिल्याबाईंच्या नावाने तो ओळखला जातो. कोरीव लाकडी खांब, भिंतींवर पुराणकथांची रंगीत चित्रे, आणि मागे डोंगरांची रांग. आम्ही तेथे तासभर थांबलो. चित्रांतील कित्येक रंग अद्याप सतेज आहेत, काही पोपडे धरून गळून गेले आहेत. शाळेची मुले आली होती. ती भराभर पाहून निघून गेली, आणि मागे चौकात पारव्यांचा घुमण्याचा तेवढा आवाज उरला. पुढे धुळे मागे टाकून सातपुडा ओलांडला, खलघाटास नर्मदेचे दर्शन झाले, आणि दिवे लागण्याच्या सुमारास आम्ही महेश्वरास पोहोचलो.

१७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्यकारभार केला तो या ठिकाणाहून. किल्ला नर्मदेच्या उत्तर तीरावर उंच उभा आहे. खाली पायऱ्यापायऱ्यांचा विस्तीर्ण घाट, त्यावर छत्र्या व देवळे, आणि ऐन प्रवाहात बाणेश्वराचे लहानसे देऊळ. काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या या राणीचे स्वतःचे राहते घर किती साधे आहे, हे पाहून प्रथम आश्चर्य वाटते. लाकडी खांबांचा चौक, उतरते छप्पर, बसण्याची गादी आणि देवघर. नाशकातल्या एखाद्या सुखवस्तू सावकाराचा वाडा याहून फार निराळा नसतो. याच किल्ल्याच्या एका भागात होळकरांचे वंशज रिचर्ड होळकर यांनी २००० साली हे हॉटेल सुरू केले.

हॉटेल म्हटल्यावर जो झगमगाट डोळ्यांपुढे येतो तो येथे नाही. आमच्या खोलीस जाड भिंती, खोल कोनाडे, आणि नदीकडे उघडणारी खिडकी होती. अंथरुणे शुभ्र, स्नानास ऊन पाणी, बागेत चिंच-लिंबाची सावली, आणि हाक मारण्यापूर्वीच हजर होणारे सेवक. कुटुंबास जेवणाची चिंता होती. ती पहिल्याच रात्री दूर झाली. आम्ही शाकाहारी आहोत हे आधीच विचारून ठेवले होते, आणि नदीवरच्या सज्जात समईच्या उजेडात जे पान आमच्यापुढे आले ते साधे, ताजे व रुचकर होते. शेजारी परदेशी पाहुणे बसले होते. त्यांतील एका वृद्ध बाईंनी अहिल्याबाईंविषयी इतके बारीक प्रश्न विचारले की आम्हांस निवृत्तीनंतर पुन्हा वर्गात उभे राहिल्याचा आनंद झाला.

तरी एक गोष्ट मनात टोचत होती. ज्या राणीने भारतभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधून वाटसरूंची फुकट सोय केली, तिच्या घरात एका रात्रीस अनेक हजार रुपये मोजावे लागावेत! संस्कृतात ‘अतिथि’ शब्दाची फोड अशी करतात की, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. हॉटेलातील पाहुण्याची येण्याची तिथीही ठरलेली आणि जाण्याचीही. पैसे तर आधीच भरलेले. या अर्थाने आम्ही तेथे अतिथी नव्हतोच, गिऱ्हाईक होतो.

दुसरे दिवशी सकाळी या टोचणीस काहीसे उत्तर मिळाले. किल्ल्यात अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालत आलेले लिंगार्चन आजही नित्य होते. ब्राह्मण एका रांगेत बसून काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगे घडवितात, त्यांची पूजा होते, आणि नंतर ती नर्मदेत विसर्जित करतात. आम्ही स्नान करून तेथे गेलो. पूजा आटोपल्यावर कुटुंबाने एका वृद्ध गुरुजींस विचारले, “गुरुजी, इथे हॉटेल झाल्यापासून देवाच्या कामात अडचण नाही ना येत?”

ते हात धुता धुता म्हणाले, “नाही हो माई. पाहुणे येतात, लांबून बघतात, जातात. आमचा देव आणि गावचं दार दोन्ही होतं तिथंच आहे.”

आणि खरोखरच तसे होते. राजगादी व देवघर पाहण्यास हॉटेलाचा पाहुणा असावे लागत नाही. निमाडातील शेतकरी बायका डोक्यावर पदर घेऊन येत, गादीपुढे माथा टेकीत, आणि घाटावर उतरून जात. तिकडे मागांचा खटखटाट चालू होता. अहिल्याबाईंनी महेश्वरास विणकर आणून वसविले होते. ती कला लोप पावत चालली असता १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर दांपत्याने ‘रेहवा’ संस्था काढून तीस पुन्हा आधार दिला. संस्कृतात ‘प्रासाद’ हा शब्द राजाच्या घरासही लावतात आणि देवाच्या घरासही. महेश्वरास हे दोन्ही अर्थ एका तटाच्या आत नांदताना दिसतात, आणि तिसरा, उदीमाचा, त्यांच्या शेजारी सुखाने बसलेला आहे.

यावरून आमचे मत असे झाले की, जुन्या वास्तूचे हॉटेल करणे हा दोष नव्हे. तिचे सगळेच दरवाजे पैशाच्या किल्लीने उघडू लागणे हा दोष होय. घर माणसांवाचून टिकत नाही. रिकाम्या महालाची कितीही डागडुजी केली तरी तेथे दिवा लावणारे कोणी नसेल तर भिंती पुन्हा ओल धरतात. पैसे देणारा पाहुणा शाकारणीचा खर्च भागवितो, हे मान्य केले पाहिजे. परंतु चौक, देवघर, विहीर आणि ओसरी ही गावाची राहिली पाहिजेत. ती गेली तर उरते ती केवळ महागडी खोली.

नाशिककरांनी याचा विचार करावा अशी आमची विनंती आहे. चांदवडच्या रंगमहालाचे हॉटेल करा असे आम्ही म्हणत नाही. ती चित्रे सर्वांची आहेत, ती सर्वांस दिसली पाहिजेत. परंतु जुन्या नाशकात व पंचवटीत जे खाजगी वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या वारसांनी ते पाडण्यापूर्वी एकवार हिशेब करून पाहावा. माडीवरच्या तीन-चार खोल्या नीट करून भाड्याने द्याव्यात, त्या उत्पन्नातून तुळया व कौले राखावीत. आणि खालचा चौक चातुर्मासातल्या कीर्तनास, आळीतल्या मुलांच्या अभ्यासास व सिंहस्थात आलेल्या एखाद्या निर्धन यात्रेकरूच्या पथारीस मोकळा ठेवावा. आमच्या आजोबांच्या काळी उपाध्याय नेमके हेच करीत होते. फरक इतकाच की, ते दर ठरवून देत नसत, आणि पाहुण्याचे नाव वहीत लिहीत ते पुढच्या पिढीने ओळखावे म्हणून.