चाप

माहूरच्या यात्रेत फुगे फोडावयाची छऱ्याची बंदूक पुष्कळांनी हाती धरली असेल. तिचा चाप एवढा जड, की तो ओढताना नळीच हलते आणि फुगा जागच्या जागी हसत राहतो. पण भोवती पोरांची गर्दी असते. तेथे तो जडपणाच बरा.

स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसहून रायफलीचे कांस्यपदक आणले, तेव्हापासून माझा पुतण्या नेमबाजीच्या नादी लागला आहे. परवा म्हणाला, "काका, मला अगदी हलका चाप हवा."

मागणी गैर नव्हती. एअर रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तेथे स्वतःचे बोटही वैरी होते. एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅमांचा नियम आहे, एअर रायफलला तोही नाही. तरी मी त्याला दोन टप्प्यांचा चाप सुचविला. पहिल्या टप्प्यात बोट सैल सरकते, मग एक पायरी लागते. तेथे थांबून मनाला विचारता येते, सोडू की नको?

आमच्या गडावर रेणुकेचे केवळ मुखच पूजिले जाते. पित्याची आज्ञा आणि परशुरामाचा परशू यांच्यामध्ये अशी पायरी नव्हती. त्याला वर मागून आई परत मिळाली. सुटलेल्या गोळीला वर मिळत नाही.