गुलमर्गचा बर्फ आणि एक जोड मोजे

आमच्या चिपळूणात मोजे म्हणजे शाळेचा गणवेश. जून लागला की तेही कपाटात जातात आणि मुले उघड्या पायांत सँडल अडकवून चिखल तुडवीत शाळेला निघतात. चुकून एखादा सुती मोजा भिजलाच, तर श्रावणात तो दोरीवर चार दिवस लोंबत राहतो, वाळत काही नाही. अशा गावात वाढलेल्या बाईने मोज्यांवर लेख लिहावा, हे मलाही थोडे गमतीचे वाटते. पण गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला आमची सहल मोडता मोडता वाचली ती मोज्यांमुळे. थंडीच्या दिवसांत काश्मीरला जाणारी कुटुंबे आता आपल्याकडेही वाढली आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

आमची मुलगी आठवीत आहे. गुलमर्गला भरणाऱ्या हिवाळी खेळांची दृश्ये तिने टीव्हीवर पाहिली आणि तेव्हापासून तिला स्कीइंगचा ध्यास लागला. दोन वर्षांची ईदी तिने डब्यात जपून ठेवली होती. धाकट्याला स्नोबोर्ड हवा होता, कारण बहीण करते ते त्याला कधीच करायचे नसते. शेवटी यांनी मनावर घेतले, शाळेतून रजा काढली आणि आम्ही मुंबईहून विमानाने श्रीनगर गाठले.

निघण्याआधी माझ्या अम्मीने, म्हणजे मुलांच्या नानीने, महिनाभर बसून दोघांसाठी जाड लोकरीचे मोजे विणले. कोकणात लोकर विणणाऱ्या बायका किती असतील? पण तिचे हात अजून चालतात. मोजे असे जाड की जमिनीवर ठेवले तर उभे राहतील. "माझ्या नातवंडांच्या पायाला वारा लागायला नको," ती म्हणाली. मी आणखी शहाणपणा केला. आत घालायला शाळेचे सुती मोजेही बॅगेत टाकले.

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर. तंगमर्गपर्यंत रस्ता साधा आहे. तिथून पुढच्या तेरा किलोमीटरच्या चढावर हिवाळ्यात गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधतात. देवदारांच्या फांद्या बर्फाच्या ओझ्याने खाली वाकलेल्या होत्या. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, नुकतेच संपले होते. तरी आमच्यासारख्या समुद्रकाठच्या माणसांना ती थंडी पुरून उरली. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. तिथून निघणारा गोंडोला दोन टप्प्यांत अफरवट डोंगरावर जवळजवळ ३९८० मीटरपर्यंत नेतो. 'फुलांचे कुरण' असा गुलमर्गचा अर्थ. सोळाव्या शतकातल्या सुलतान यूसुफ शाह चक याने हे नाव दिल्याचे सांगतात. फुले उन्हाळ्यात. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळ्यात गोल्फ खेळतात ते सारे पठार पांढरेशुभ्र होते, आणि त्याच्या कडेच्या सौम्य उतारावर नवशिके पडत-उठत होते.

पहिल्या दिवशी मुलीने आत सुती मोजे आणि वर नानीचे लोकरी मोजे घातले. भाड्याच्या दुकानात स्कीचे बूट पायात जाईनात, म्हणून मीच एक माप मोठे मागितले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, पण गिऱ्हाइकाशी वाद कशाला म्हणून तो गप्प राहिला. मोठ्या बुटात पाय हलू लागला, तेव्हा त्याच्या कड्या आवळून घट्ट केल्या. मुलगी चालू लागली ती रोबोटसारखी.

तासाभरात ती रडवेली झाली. पाय दुखतो म्हणाली, मग थोड्या वेळाने दुखत नाही म्हणाली. दुखत नाही हे ऐकून मला बरे वाटले. तिला शिकवणाऱ्या उस्तादांना मात्र तेच खटकले. पन्नाशीचे काश्मिरी गृहस्थ, बोलणे मोजके. त्यांनी तिला कडेच्या चहाच्या टपरीत बसवले आणि बूट काढायला लावले. आतला सुती मोजा घामाने ओलाचिंब होता. बोटे मेणासारखी पांढरी पडली होती. मी हात लावला तर तिला कळलेही नाही.

टपरीवाल्याची कांगडी शेजारीच होती. कांगडी म्हणजे वेताच्या बुट्टीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे. काश्मिरी लोक ती फिरनच्या आत धरून बसतात. मी ती झटकन पुढे ओढली, तोच उस्तादांनी माझा हात अडवला. "बधिर पायाला चटका कळत नाही, बहनजी. कातडे भाजले तरी मुलीला समजणार नाही." चोळायचेही नाही, म्हणाले, गोठलेले कातडे चोळल्याने दुखावते. मग मी तिचे पाय माझ्या स्वेटरच्या आत, पोटाला लावून धरले. दहा-पंधरा मिनिटांत मुंग्या आल्या, कळा आल्या आणि बोटे गुलाबी झाली. कळा आल्यावर मुलगी रडली आणि मी मनात अल्लाहचे आभार मानले. रंग परत आला नसता तर थेट डॉक्टर गाठायचा होता.

चहा पिता पिता उस्तादांनी समजावले ते मी कधी विसरणार नाही. पायाला ऊब मोजा देत नाही, पायाला ऊब रक्त देते. मोजा ती फक्त राखतो. थंडी वाजली की शरीर आधी पोटा-छातीला सांभाळते आणि हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. त्यात आपण जाड मोजे कोंबून वर कड्या आवळल्या, तर उरलेसुरले रक्तही अडते. शिवाय लोकर ऊब धरते ती तिच्या तंतूंमध्ये साठलेल्या हवेमुळे. दाबून चप्पट केलेल्या लोकरीत हवा राहतच नाही. म्हणून बुटात दोन मोजे हे एका मोज्यापेक्षा थंड. आणि सुती मोजा तर पाणी पिऊन बसतो. श्रावणातली आमची दोरी मला तिथेच आठवली. चार दिवस न वाळणारा तो मोजा मी बर्फात मुलीच्या पायात घातला होता!

संध्याकाळी बाजारात गेलो. उस्तादांनी सांगितलेल्या खुणा मी कागदावर लिहून घेतल्या होत्या. मोजा लोकरीचा, शक्यतो मेरिनोचा हवा. मेरिनोचा तंतू बारीक असतो, टोचत नाही, आणि घामाची वाफ आत शोषूनही कातड्याला ओला लागत नाही. त्यात थोडे नायलॉन आणि ताणणारा धागा असावा, म्हणजे मोजा टिकतो आणि घसरत नाही. उंची बुटाच्या काठाच्या वर, गुडघ्याच्या खाली. अर्ध्या पोटरीवर संपणाऱ्या मोज्याचा काठ बुटात रुततो. नडगीवर, जिथे बूट टेकतो, तिथे विणीतच जराशी गादी असते. बोटांपाशी शिवणीची गाठ नको. काही मोज्यांवर डावा-उजवा वेगळा दिलेला असतो, तो पाळायचा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माप. आपण आया मुलांचे कपडे नेहमी वाढत्या अंगाचे घेतो. मी एक माप मोठा जोड उचललाही होता. पण सैल मोजा बुटात गोळा होतो, त्याची घडी पडते, आणि दिवसभर त्या घडीवर उभे राहिले की फोड ठरलेला. फार घट्ट घेतला तर पुन्हा रक्ताचाच प्रश्न. मोजा घालून दहा मिनिटे दुकानात फिरवावे. टाच टाचेच्या खळग्यात बसली पाहिजे, बोटे मोकळी हलली पाहिजेत, आणि काढल्यावर पोटरीवर खोल वळ दिसता कामा नये. मुलीसाठी आम्ही घेतला तो मोजा नानीच्या मोज्याच्या निम्म्यानेही जाड नव्हता. त्या किमतीत चिपळूणला शाळेचे कितीतरी जोड आले असते. जीव वर-खाली झाला, पण घेतला.

दुसऱ्या दिवशी बूटही तिच्या खऱ्या मापाचा घेतला. स्कीच्या बुटाचे माप सेंटिमीटरमध्ये असते. दुकानदाराने पाय फळीवर ठेवून मोजला. स्नोबोर्डचा बूट मऊ असतो, स्कीचा टणक प्लास्टिकचा. त्यामुळे धाकट्याला किंचित गादीदार मोजा चालला, पण एकच जोड हा नियम त्यालाही होता. उबदार पायजमा मोज्यात खोचायचा नाही, तो बुटाच्या वरच थांबला पाहिजे. त्या दिवशी मुलगी दुपारपर्यंत उतारावर होती.

पण घात दुपारी झाला, आणि तो धाकट्याचा. जोहरच्या वेळी तो आणि हे मशिदीत गेले. काश्मीरमधल्या मशिदींना हमाम असतो. खालून लाकडे जाळून दगडी फरशी तापवतात आणि वुजूला गरम पाणी मिळते. त्या उबेत बसून दोघांनी आरामात वुजू केला, नमाज पढली आणि बाहेर पडायच्या घाईत धाकट्याने ओल्या पायांवरच मोजे चढवले. चांगली लोकर असूनही अर्ध्या तासात त्याचे पाय काकडले.

मोज्यांवरून मसह करण्याचा विषय घरात आधीच निघाला होता. वुजू करून घातलेल्या चामडी खुफ्फवर मसह करण्याची सवलत आहे, मुक्कामी असलेल्याला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र, हे आपण जाणतोच. पण विणलेल्या पातळ मोज्यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. आम्ही शाफई. निघण्याआधी आमच्या मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारले तेव्हा, अशा मोज्यांवर नको, पाय धुवा, असे त्यांनी सांगितले होते. तुमच्या घरी वेगळा मसलक असेल तर आपल्या जाणकारांना विचारून घ्यावे. आम्ही एवढेच केले की त्या दिवसापासून प्रत्येकाच्या खिशात एक छोटा सुती रुमाल दिला. पाय धुवायचे, बोटांच्या बेचकीतून नीट पुसायचे, दोन मिनिटे उघडे ठेवायचे आणि मगच मोजा. सकाळचा ओलसर मोजा बदलून दुसरा कोरडा घालायचा. वुजूमुळे आमचे पाय दिवसातून एकदा तरी बुटाबाहेर येऊन कोरडे होऊ लागले. उस्तादांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती इतर मुलांनाही सांगितली.

आणखी एक गोष्ट. सकाळी खोलीतून मोजे-बूट घालून निघू नये. गरम खोलीत आणि गाडीत पायाला घाम येतो आणि बर्फावर पोचेपर्यंत मोजा दमट होतो. मोजा उताराजवळच चढवावा. रात्री घातलेले मोजे सकाळी पुन्हा नकोत. प्रत्येकाला तीन जोड पुरतात, एक पायात, एक खिशात, एक वाळत. धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे. हिटरवर टाकले तर लोकर आक्रसते आणि मापाचा मोजा बाहुलीचा होतो.

सहाव्या दिवशी मुलगी छोट्या उतारावरून न पडता खाली आली आणि वळून आमच्याकडे पाहून हात हलवला. तिच्या दोन वर्षांच्या ईदीचा तिथे हिशेब लागला.

परतीच्या वाटेवर श्रीनगरला एका हाऊसबोटीत रात्र काढली. दल सरोवरावर धुके होते, खोलीत बुखारी पेटलेली, तरी फरशी बर्फासारखी थंड. मुलीने बॅगेच्या तळातून नानीचे मोजे काढले आणि पायात घातले. बूट नाही, कड्या नाहीत, लोकर मोकळी. तिने नानीला फोन लावला. नानीने पहिला प्रश्न हाच विचारला, "मोजे घातलेस का गं?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

"आत्ताच घातलेत नानी," ती म्हणाली, "पाय अगदी गरम आहेत."

ते खोटे नव्हते. नानीचे मोजे वाईट कधीच नव्हते, आम्हीच ते चुकीच्या जागी घातले होते. आता ते चिपळूणला माझ्या कपाटात आहेत. पुन्हा जायचा योग आला, तर इन्शाअल्लाह सोबत येतील, उतारासाठी नाही, रात्रीसाठी.