मिसळणाचा डबा आणि आईंचा फोन



आपल्या प्रत्येकीच्या ओट्यावर मिसळणाचा डबा असतो. मोहरी, जिरे, हळद, तिखट, हिंग, मेथी, धणेपूड अशा सात वाट्या. जायपत्री, नागकेशर, शहाजिरे घरात असतातच, पण कपाटात. मसाला करायच्या दिवशी ती बाहेर निघतात. सगळंच डब्यात कोंबलं तर रोजची फोडणी करपेल, आणि कपाट रिकामं केलं तर सणाचा स्वयंपाक अडेल.

फोन आणि संगणकाचे पडदे आखणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. कट-कॉपी-पेस्टची सोय ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते लॅरी टेस्लर म्हणत, की कुठल्याही कामात थोडी गुंतागुंत असतेच, ती नाहीशी करता येत नाही. ती बनवणाऱ्याने सोसायची की वापरणाऱ्याने, एवढंच ठरवता येतं. मला हे वाचताना आमच्या घरातला फोन आठवला.

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या मुलाने त्यांच्या फोनवर सोपा मोड लावून दिला. मोठी अक्षरं, चारच चौकोन: फोन, मेसेज, फोटो, टॉर्च. आजीला त्रास नको म्हणून बाकी सगळं त्याने लपवलं. दोन दिवस आईही खूश होत्या. मग रोज दुपारनंतर विचारणं सुरू झालं, "अगं, आज सूर्यास्त किती वाजता?" त्यांचा रात्रीभोजनाचा त्याग आहे. आमच्या कोल्हापूरकडे थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आषाढात सातनंतर. आधी त्या पंचांगात स्वतः बघायच्या. आता पंचांगच दिसेना. काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं आणि पाचलाच जेवायला लागल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "सारखं कुणाला विचारायचं? माझा फोन लहान पोराचा करून ठेवलाय."

म्हणजे गुंतागुंत गेली नव्हतीच. ती फोनमधून निघून आईंच्या पोटावर आणि मनावर येऊन बसली होती.

आपल्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण आहे. आज एवढेच पदार्थ, एवढीच वस्त्रं, अशी मर्यादा आपण घालतो. पण ती आपली आपण घालतो, म्हणून ते व्रत. दुसऱ्याने न विचारता घातली तर ते नुसतं बंधन. साधेपणा आणि हिरावून घेणं यांत फरक आहे तो एवढाच.

शेवटी नातू आजीजवळ बसला आणि त्याने त्यांनाच बोटांवर मोजायला लावलं. लेकींना फोन, व्हॉट्सॲप, पंचांग, प्रवचन, सामायिकासाठी 48 मिनिटांचा गजर, कॅमेरा, टॉर्च. नेमके सातच निघाले! ते पहिल्या पडद्यावर मोठे करून ठेवले. बाकीचं पुसलं नाही, बोट सरकवलं की पलीकडे आहे. पलीकडे जाऊन परत कसं यायचं, तेही आईंच्या हातून चार वेळा करून घेतलं. पुढच्या महिन्यात त्यांनी पलीकडे जाऊन आपणहून अक्षरं अजून मोठी केली.

आपला णमोकार मंत्रच पाहा ना. पाच पदं, बोबडं बोलणारं मूलही म्हणतं. तोच षट्खंडागमाचं मंगलाचरण आहे, आणि त्या ग्रंथावर आचार्य वीरसेनांनी धवला टीका लिहिली. उंबरा इतका ठेंगणा की कुणीही आत यावं, आणि आत शिरल्यावर कुणीही आयुष्यभर शिकत राहावं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन सोपा करून देणार असाल, तर आधी आठवडाभर त्या काय काय उघडतात ते नुसतं पाहा. मग सात वाट्या त्यांनाच निवडू द्या. आणि कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला राहू द्या.