सिटका बंदरांतील एक दिवस

अलास्का म्हटलें कीं बर्फ, अस्वलें आणि सोन्याच्या शोधांत निघालेलीं माणसें एवढेंच आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें येत असेल. आमची समजूतहि याहून फारशी निराळी नव्हती. परंतु त्या प्रदेशांत सिटका नांवाचें एक बंदर आहे, आणि तेथें घालविलेल्या एका दिवसांत आम्हांस ना अस्वल दिसलें, ना सोनें. दिसला तो एक जुना वाद. परक्या मुलखांत धर्म घेऊन जाणाऱ्यानें तेथील लोकांची भाषा शिकावी, कीं त्यांस आपली भाषा शिकवून त्यांची बंद करावी, हा तो वाद होय. सिटक्यांत या वादाच्या दोन्ही बाजू प्रत्यक्ष आचरणांत आलेल्या आहेत, आणि त्यांच्या खुणा एकमेकींपासून दहा मिनिटांच्या वाटेवर उभ्या आहेत.

आमची कन्या सिअ‍ॅटल शहरीं राहते. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही व आमच्या सौभाग्यवती तिच्याकडे गेलों असतां तिच्या शेजारच्या एका ख्रिस्ती मंडळीची अलास्काची समुद्रयात्रा ठरली होती. त्यांच्यांतील एका कुटुंबास ऐनवेळीं जातां येईना, म्हणून त्या खोल्या आम्हां सर्वांस मिळाल्या. सकाळीं बोटीवरील नाट्यगृहांत प्रार्थना, जेवणापूर्वीं देवाचे आभार, रात्रीं पियानोभोंवतीं स्तोत्रगायन, असा त्या मंडळीचा क्रम असे. त्यांनीं आम्हांस प्रत्येक ठिकाणीं अगत्यानें बोलाविलें, पण धर्माविषयीं एका शब्दानेंहि छेडलें नाहीं. प्रार्थनेच्या वेळीं सौभाग्यवती डोळे मिटून रामरक्षा म्हणत, आणि शेजारच्या बाई त्यांच्या हलत्या ओठांकडे पाहून संतोषानें मान डोलावीत. या बाई एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे एक पूर्वज मिशनरी म्हणून अलास्कांत येऊन गेले होते, आणि त्यामुळें सिटक्यास उतरण्याची त्यांना आमच्याहून अधिक ओढ होती.

मोठ्या बोटी गांवापासून पांचसहा मैलांवर लागतात व तेथून बसनें गांवांत जावें लागतें. त्या धक्क्याजवळच रशियनांनीं १७९९ सालीं आपला पहिला कोट बांधला होता. त्लिंगिट लोकांनीं १८०२ सालीं तो उध्वस्त केला. १८०४ सालीं रशियन तोफा घेऊन पुन्हां आले. त्लिंगिटांनीं इंडियन नदीच्या मुखाशीं ओंडक्यांची गढी रचून झुंज दिली. कात्लियान नांवाचा त्यांचा वीर लोहाराचा घण घेऊन लढला, असें सांगतात. शेवटीं बंदुकीची दारू सरली तेव्हां ते रातोरात गढी सोडून गेले. पुढें रशियनांनीं येथें वसविलेलें नगरच रशियन अमेरिकेची राजधानी झालें.

आजचें गांव लहान, सुमारें साडेआठ हजार वस्तीचें आहे. दुसऱ्या कोणत्याहि गांवाशीं जोडणारा रस्ता नाहीं. यावयाचें तें पाण्यावरून किंवा आकाशांतून. पाऊस कोंकणाची आठवण करून देणारा, पण गार. गांवाच्या मध्यावर कॅसल हिल नांवाची टेकडी आहे. १८ ऑक्टोबर १८६७ रोजीं तिच्यावर रशियाचें निशाण उतरून अमेरिकेचें चढलें. सबंध अलास्का ७२ लक्ष डॉलरांस विकला गेला होता. उतरवितांना रशियन निशाण अडकून बसलें व तें सोडविण्यासाठीं शिपायास वर चढवावें लागलें, ही गोष्ट वाटाड्या मोठ्या रंगांत येऊन सांगतो. ज्यांच्या पूर्वजांची ही टेकडी, त्या त्लिंगिटांस या व्यवहारांत कोणीं विचारलें नव्हतें, हेंहि तो सांगतो. मात्र तें सांगतांना त्याचा रंग उतरतो.

टेकडीपासून जवळच सेंट मायकेलचें लांकडी प्रार्थनामंदिर आहे. १८४८ सालचें मूळ मंदिर २ जानेवारी १९६६ रोजीं आगींत जळालें. त्या वेळीं गांवकऱ्यांनीं रांग लावून आंतील पवित्र चित्रें हातोहात बाहेर काढलीं. म्हणून आज मंदिर नवें आणि चित्रें जुनीं असा योग तेथें दिसतो. तेथून थोडें पुढें १८४३ सालीं पुरें झालेलें बिशपांचें घर आहे. या घराचे पहिले धनी बिशप इनोसंट, म्हणजे पूर्वाश्रमींचे इव्हान वेन्यामिनोव. हा सैबेरियांतील गरीब घरचा पुरुष १८२४ सालीं बायकामुलांसह अल्यूशियन बेटांतील उनलास्का येथें आला. सुतारकाम आणि घड्याळें जुळविणें यांत त्याचा हात चांगला चाले; पण त्याचें खरें कसब भाषेंत होतें. तो अल्यूत लोकांची भाषा शिकला. त्यांच्यांतीलच एका मुख्याच्या साह्यानें त्यानें तिला लिपी दिली, तिचें व्याकरण लिहिलें आणि मत्तयाचें शुभवर्तमान तिच्यांत उतरविलें. १८३४ सालीं सिटक्यास आल्यावर त्यानें त्लिंगिट भाषेचा अभ्यास आरंभिला व १८४६ सालीं त्याचीं टिपणें छापलीं. ज्यांस उपदेश करावयाचा त्यांच्यापुढें आधीं विद्यार्थी होऊन बसावें, ही त्याची रीत. हाच मनुष्य पुढें मॉस्कोचा महाधर्माध्यक्ष झाला, आणि १९७७ सालीं त्याच्या पंथानें त्याला संतपद दिलें.

यावरून रशियन अंमल म्हणजे रामराज्य होतें असें कोणीं समजूं नये. समुद्री ऊदबिलावाच्या कातड्यांसाठीं रशियन-अमेरिकन कंपनीनें अल्यूत पुरुषांस घरापासून शेंकडों मैल दूर नेऊन सक्तीनें राबविलें. सिटक्याच्या कोटावरील तोफांचीं तोंडें त्लिंगिट वस्तीकडे वळविलेलीं असत, आणि त्लिंगिट भाविकांसाठीं तटाला लागून वेगळें मंदिर होतें. परंतु राज्य गेलें, कंपनी गेली, तोफा गेल्या. आणि नवल असें कीं, रशियन निघून गेल्यावर अनेक त्लिंगिट त्यांच्या मंदिरांत अधिकच येऊं लागले. तेथें त्यांची भाषा देवाला चालत होती, हें त्याचें एक कारण सांगतात.

ती दुसरीकडे कां चालत नव्हती, तें पाहावयास त्याच रस्त्यानें पुढें जावें. १८७८ सालीं प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनीं येथें शाळा घातली. तिला पुढें शेल्डन जॅक्सन यांचें नांव मिळालें. हे गृहस्थ १८८५ पासून अलास्काचे सरकारी शिक्षणाधिकारीहि होते. शाळेनें मुलांस वाचन, हिशेब, सुतारकाम, शिवणकाम शिकविलें. पण बोलावयाचें तें इंग्रजींतच, असा दंडक ठेविला. रँगल बंदरांतील हॉल यंग या मिशनऱ्यानें तर १९२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे कीं, या भाषांत कांहीं भाषांतर करावयाचें नाहीं, त्या मरूं द्यावयाच्या, असा आपण निश्चय केला होता. आणि गंमत अशी कीं, याच जॅक्सनसाहेबांनीं गांवोगांव हिंडून तद्देशीयांचे मुखवटे, टोपल्या, होड्या, हत्यारें गोळा केलीं व त्यांसाठीं काँक्रीटचें अष्टकोनी संग्रहालय उभारलें. शाळा २००७ सालीं बंद पडली. संग्रहालय चालू आहे. वस्तु जपावयाच्या आणि त्यांचीं नांवें मुलांच्या तोंडून काढून टाकावयाचीं, हें एकाच मनुष्यास एकाच आवारांत कसें साधलें असेल, याचा विचार करीत आम्ही त्या कांचेच्या कपाटांपुढें बराच वेळ उभे होतों.

शिक्षिकाबाई आमच्या शेजारीं उभ्या होत्या. आमचा विचार त्यांना कळला असावा. त्या म्हणाल्या, "प्रोफेसर, आमच्या माणसांनीं यांना शिकविलें नसतें, तर मागून आलेल्या सोनेवाल्यांनीं आणि दारूवाल्यांनीं यांचें काय केलें असतें?" प्रश्न रास्त होता. १९१२ सालीं सिटक्यांत स्थापन झालेल्या 'अलास्का नेटिव्ह ब्रदरहुड' या संस्थेचे बहुतेक प्रवर्तक मिशनचे शिकलेले होते. दुकानांवर तद्देशीयांस मज्जाव करणाऱ्या पाट्या लागत, त्या काळीं जूनो येथील विधिमंडळापुढें उभी राहून बोलणारी एलिझाबेथ पेराट्रोविच ही सिटक्याच्या याच शाळेंत कांहीं काळ शिकलेली. तिच्या साक्षीनंतर १६ फेब्रुवारी १९४५ रोजीं भेदभावबंदीच्या कायद्यावर सही झाली. तिनें त्या सभेस निरुत्तर केलें तें इंग्रजींतच. आम्हां मराठी माणसांस हें समजावून सांगावयास नको. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, आणि आम्हीहि तीस वर्षें इंग्रजी शिकवूनच भाकरी खात आहों.

"पण बाई," आम्ही म्हणालों, "एक भाषा देण्यासाठीं दुसरी काढून घ्यावीच लागते काय?" त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनींच आम्हांस वॉल्टर सोबोलेफ यांची हकीकत सांगितली. हे त्लिंगिट गृहस्थ याच पंथाचे धर्मोपदेशक. १९४० पासून ते जूनो येथें आपल्या मंडळीस त्लिंगिट भाषेंतहि उपदेश करीत. मंडळी भरभराटींत असतां पंथाच्या वरिष्ठांनीं ती बंद केली. आणि २०२३ सालीं त्याच पंथानें जूनो येथें त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. "उशीर झाला," बाई म्हणाल्या, "पण मागितली." त्यांच्या स्वरांत समर्थन नव्हतें, दुःख होतें; आणि त्यामुळें आमच्या मनांतील वादविवादाची खुमखुमी निवाली.

शिवाय हा वाद आपल्याकडेहि घडून गेलेला आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज गोव्यांत येऊन येथील भाषा शिकला आणि त्यानें ओंवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलें; तें १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. त्यानंतर अडुसष्ट वर्षांनीं, १६८४ सालीं, त्याच गोव्यांत पोर्तुगीज व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. धर्म एक, भूमि एक, आणि वागणूक अशी दोन टोंकांची. तेव्हां दोष धर्माचा म्हणण्यापेक्षां, समोरच्या मनुष्यापासून आपणांस कांहीं शिकावयाचें आहे असें मानणारा व न मानणारा, अशा दोन स्वभावांचा हा भेद आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

दुपारीं आम्ही सर्वजण इंडियन नदीकांठच्या उद्यानांत गेलों. १८०४ सालची गढी येथेंच होती. आतां उंच वृक्षांमधून कोरीव टोटेम-खांब उभे आहेत. कावळा, गरुड, अस्वल यांचीं तोंडें पावसांत निथळत असतात. तेथील वास्तूंत एक त्लिंगिट बाई लांकूड कोरीत बसल्या होत्या. त्यांची भाषा अस्खलित बोलणारे आतां थोडे वृद्धच उरले आहेत. २०१४ सालीं अलास्कानें इंग्रजीच्या जोडीला तेथील वीस भाषांस राजभाषा म्हणून मान्यता दिली, आणि तरुण मंडळी आपल्या आज्यांची भाषा पुस्तक घेऊन शिकूं लागली आहेत. आमच्या सहा वर्षांच्या नातीनें त्या बाईंना पुष्कळ प्रश्न विचारले. निघतांना त्यांनीं तिला 'गुनल्चीश' हा शब्द शिकविला. त्याचा अर्थ आभार.

नात तो शब्द घोकीत बाहेर आली आणि आपल्या नेहमींच्या इंग्रजींत विचारूं लागली, "आजी, आपल्या भाषेंत हें कसें म्हणतात?" सौभाग्यवतींनीं 'धन्यवाद' असें सांगितलें. नात विचारांत पडली. "पण आई तर तुला असें कधींच म्हणत नाहीं!"

तिचें खरें होतें. मराठी घरांत आईला कोणी धन्यवाद म्हणत नाहीं. म्हटलें तर तिला परकेपणा वाटेल. तेथें आभार मानावयाचे ते "दमलीस ग" एवढ्या बोलानें, किंवा वाढलेलें पान स्वच्छ करून. हें कोणत्याहि शब्दकोशांत सांपडत नाहीं. भाषेच्या आंत दिवस काढले तरच कळतें, आणि वेन्यामिनोवास तें कळावयास दहा वर्षें बेटांवर राहावें लागलें. सिटक्याच्या शाळेंत बंदी घालणारे कोणीतरी होते, म्हणून पुढें क्षमा मागणारेहि निघाले. आमच्या घरांतून मराठी जाईल ती कोणाच्याहि हुकुमाविना जाईल. मग क्षमा कोणीं कोणाची मागावयाची? हा प्रश्न सिअ‍ॅटलच्या घरांपुरताच आहे असेंहि नाहीं. पुण्यामुंबईच्या कित्येक दिवाणखान्यांत तो रोज जेवावयास बसतो.

त्या रात्रीं वरच्या मजल्यावर स्तोत्रें चाललीं होतीं आणि खोलींत सौभाग्यवती नातीला काऊचिऊची गोष्ट सांगत होत्या. कन्या म्हणाली, "आई, इंग्रजींत सांग ना, तिला कळायचं नाहीं."

"नाहीं कळलं तर विचारील," असें म्हणून सौभाग्यवती पुढें सांगूं लागल्या. शेण म्हणजे काय, हा पहिला प्रश्न लगेच आला.